लक्ष्मी रस्त्यावरची दोरी : विसर्जन मिरवणुकीतल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या सेवेचं परीक्षण

पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत गुण मिळतात ते ढोलांच्या संख्येला, ध्वजाला नाहीतर रथाच्या सजावटीला. ढोल-ताशा पथकाला हात मोकळा सोडून वाजवता आलं की नाही, हे मात्र पथकाभोवती दोरी धरून गर्दी अडवणाऱ्यांवर ठरतं. म्हणून हे परीक्षण त्यांच्या सेवेचं.

आधी हिशेब. कंबरेला ढोल बांधलेल्या वादकाला टिपरू (ढोल वाजवायची काठी) फिरवायला चार फूट जागा लागते. ओळीत सहा ढोल म्हणजे 24 फूट रुंदी. आठ ओळी, प्रत्येकीला पाच फूट, शिवाय पुढे ताशे आणि ध्वजांना वीस, अशी लांबी 60 फुटांवर जाते. घेर 168 फूट, वळणासाठीची ढील धरून 180 फूट दोर हवा. 168 फुटांच्या घेरावर दर सात फुटांना एक माणूस धरला तर चोवीस जण लागतात. पंधरा जणांवर भागवायला गेलं की मध्ये झोळ पडतो, आणि मोबाईल उंचावलेला पहिला प्रेक्षक तिथूनच आत शिरतो.

जुना कार्यकर्ता ओळखायची खूण म्हणजे तो एकसंध दोर वापरत नाही. चार बाजूंना चार वेगळे दोर, कोपऱ्यात सैल गाठ, आणि प्रत्येक कोपऱ्यावर मुरलेला माणूस. मंडईकडून येताना बेलबाग चौकात डावीकडे, लक्ष्मी रस्त्यावर वळावं लागतं. तिथे डावा कोपरा जागेवर थांबतो, उजवी बाजू झपाझप चालते. दोर एकसंध असेल तर तो कोपरा कापतो आणि मागच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. रुग्णवाहिका आली तर एकाच बाजूची गाठ सोडून वाट देता येते, हा दुसरा फायदा.

खरी कसोटी मागच्या दोरीची. पुढचं मंडळ थांबतं, मागचं चालत राहतं आणि सगळा रेटा मागून येतो. मिरवणुकीचे चार रस्ते जिथे मिळतात त्या अलका चौकात तर फारच. बहुतेक ठिकाणी दणकट मुलं पुढे दिसायला उभी करतात आणि मागे नवखे असतात. हे उलटं हवं. मागच्या माणसानं पाठ गर्दीकडे करू नये आणि दोर मनगटाला गुंडाळू नये. झटका बसला तर हात निसटायलाच हवा.

सामानाला मध्यम गुण. नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण ओला झाला की निसटतो आणि तळहात सोलतो. अंगठ्याएवढा जाड सुती दोर पावसात जड होतो खरा, तरी पकड देतो. शिट्ट्यांवरचा खर्च वाया; ढोलांत त्या ऐकूच येत नाहीत. उंच धरलेला हात किंवा रात्री विजेरी पुरते. चपला नकोत, बंद बूट हवेत.

सर्वांत कमी गुण कानांच्या काळजीला. वादक आवर्तनानं बदलतात, दोरीवरचा मात्र तोच राहतो, शंभर डेसिबलच्या पुढच्या आवाजात, ढोलाच्या पानापासून (ज्यावर टिपरू पडतं त्या पडद्यापासून) हातभर अंतरावर. कापसाच्या बोळ्यानं फारसं भागत नाही; फोमचे इअरप्लग पिळून, कान वर ओढून आत बसवावे लागतात. तीन तासांनी माणूस बदलायलाच हवा. ही पाळी लावणारी मंडळं थोडी आहेत, आणि पन्नाशीतले काका ‘मला सवय आहे’ म्हणून हटत नाहीत. सवय म्हणतात ती बहुधा कमी ऐकू येण्याचीच असते.

मध्यरात्री बारा ते सकाळी सहा वाद्यं बंद असतात. तेव्हा दोर जमिनीवर टाकून ठेवणं ही सर्रास चूक; अंधारात पाय अडकून लोक पडतात. गुंडाळून रथावर ठेवावा. घरी आल्यावर त्यातला गुलाल धुऊन दोर सावलीत पूर्ण वाळवावा, नाहीतर पुढच्या वर्षी आतून कुजलेला निघतो आणि नेमका अलका चौकात तुटतो.