अर्नॉल्ड आर्बोरेटम, बॉस्टन : मे ते नोव्हेंबर वापरून झाल्यावर

बॉस्टनमध्ये राहत असाल आणि भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर नायगारा आणि न्यूयॉर्कच्या आधी त्यांना अर्नॉल्ड आर्बोरेटमची वाट दाखवा. आम्ही जवळच, रॉसलिंडेलला राहतो. मे महिन्यात आई-बाबा कराडहून आले, नोव्हेंबरात परत गेले, आणि मधले सगळे महिने त्यांचा दिवस या बागेभोवती फिरत होता. उन्हाळा छानच होता, पण मी लिहिणार आहे ते मुख्यतः पानगळीबद्दल. सप्टेंबर संपत आला की ही जागा वेगळीच होते.

आधी थोडी माहिती. हार्वर्ड विद्यापीठाचा हा वृक्षसंग्रह १८७२ सालचा, आजचा विस्तार २८१ एकर. जमीन शहराची, आणि १८८२च्या करारानुसार विद्यापीठाकडे ती हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने आहे. म्हणून संशोधनाची जागा असूनही ती सगळ्यांसाठी खुली आहे. तिकीट नाही, वर्षभर रोज उघडी, सूर्योदय ते सूर्यास्त. आतल्या रस्त्यांवर लोकांच्या गाड्या येत नाहीत, त्यामुळे बाबागाडी, व्हीलचेअर, काठी घेऊन चालणारे, सगळे निवांत असतात. आईचे गुडघे दुखतात, तरी डांबरी रस्त्याने ती रोज बरंच चालायची.

बाबांनी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. पहिल्याच आठवड्यात आर्बोरवे गेटमधून आत जाताना ते मध्येच थांबले. मॅग्नोलिया, पुढे ट्यूलिप ट्री, पुढे लिंडेन, आणि सूचिपर्णी वृक्ष पार दुसऱ्या टोकाला. "अगं, हे तर बेंथम आणि हूकर!" म्हणाले. बेंथम आणि हूकर म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण मांडणारे एकोणिसाव्या शतकातले दोन ब्रिटिश शास्त्रज्ञ, आणि खरंच तसं आहे. पहिले संचालक चार्ल्स सार्जंट आणि आखणी करणारे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी रस्त्याकडेची झाडं त्या वर्गीकरणाच्या क्रमाने लावायचं ठरवलं होतं. बाबांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेला क्रम त्यांना पायाखाली सापडला. त्या दिवसापासून त्यांना सोबतीची गरज उरली नाही. प्रत्येक झाडाला धातूची छोटी पट्टी असते : नाव, कुळ, नोंदणी क्रमांक आणि बी किंवा रोप मुळात कुठून आलं ते. एखादं विशिष्ट झाड शोधायचं असेल तर संस्थेचा 'आर्बोरेटम एक्सप्लोरर' हा ऑनलाइन नकाशा फोनवर उघडा. बाबा दुपारी घरी बसून उद्याची झाडं त्यावर ठरवून ठेवायचे.

आता पानगळ. इथे एक दिवस येऊन "रंग बघितले" म्हणून निघून जाणं म्हणजे निम्मं गमावणं आहे, कारण झाडं आपापल्या वेळेने बदलतात. दलदलीतले लाल मेपल सप्टेंबरअखेरीलाच पेटतात. ऑक्टोबरच्या मध्यावर शुगर मेपल नारिंगी होतात आणि टुपेलो गडद लाल. ओक आणि बीच त्यानंतर. गिंको बहुधा नोव्हेंबरपर्यंत थांबतो आणि मग एका कडक थंडीच्या रात्रीनंतर जवळजवळ सगळी पानं एकदम खाली टाकतो. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हरितद्रव्य मोडलं की तो वर येतो. लाल मात्र बहुतांशी पान शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतं, आणि त्याला लख्ख ऊन आणि गार, पण न गोठवणारी रात्र लागते. असे चार-सहा दिवस लागोपाठ मिळाले की मेपलकडे वळा, बाकीची कामं बाजूला ठेवा.

माझं सर्वांत आवडतं झाड कत्सुरा. इथल्या सर्वांत जुन्या कत्सुरांचं बी १८७८ साली जपानमधल्या साप्पोरोहून आलं. त्याची पानं वाळायला लागली की चिक्कीसाठी गुळाचा पाक आटत असावा तसा वास सुटतो. माल्टॉल नावाच्या द्रव्याचा तो परिणाम. वारा पडलेला असेल तर झाड दिसण्याआधी वास येतो. आई तर त्या झाडाखालून हलायलाच तयार नसायची.

नोव्हेंबरात डॉन रेडवूडकडे जा. सूचिपर्णी असूनही हा तांबूस होऊन पानं गाळतो. १९४१ साली जीवाश्मांवरून याचं वर्णन झालं, नंतर चीनमध्ये जिवंत झाडं सापडली, आणि १९४८च्या सुरुवातीला तिथलं बी इथे येऊन जगभर वाटलं गेलं. त्याच सुमारास विच हेझलला पिवळी, दोऱ्यासारख्या पाकळ्यांची फुलं येतात. बाकी सगळं झाड निष्पर्ण आणि त्यावर फुलं! गेल्या वर्षीची फळंही तेव्हाच तडकून बिया काही मीटर लांब उडवतात.

पण आई-बाबांना ही बाग लाभली ती माणसांमुळे. परदेशात आलेल्या आईवडिलांचा दिवस कसा जातो, हे आपण सगळे जाणतो. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, बाहेर ओळख ना पाळख. इथे रोज तीच माणसं त्याच वेळी भेटतात : कुत्रे फिरवणारे, दुर्बीण घेतलेले पक्षीवाले, वही काढून चित्रं रेखाटणारे. आईची आणि एका स्पॅनिश बोलणाऱ्या आजींची तळ्याकाठच्या बाकावर मैत्री झाली. दोघींना इंग्रजी बेताचंच, तरी नातवंडांचे फोटो, स्वेटरची वीण, गुडघेदुखी, सगळे विषय होत. बाबा स्वयंसेवकांच्या मोफत मार्गदर्शित फेऱ्यांना जायचे. तिथे वय झालेल्या माणसाच्या प्रश्नाला लोक थांबून, नीट उत्तर देतात, याचं मला फार मोल वाटतं. एल्मपाशी त्यांनी आपल्याकडची वावळ त्याच कुळातली आणि तिची फळंही अशीच चपटी, पंखांची असतात हे सांगितलं, तेव्हा अख्खा गट ऐकत उभा राहिला. आठवड्याच्या दिवशी शाळेची मुलं येतात, बिया आणि पानं बघत फिरतात. मेपलची बी भिंगरीसारखी कशी फिरते हे दाखवायला बाबा तयारच.

कोजागरीला आम्ही काही मराठी घरं मिळून बागेतल्या पीटर्स हिल या टेकडीवर गेलो. तिथून शहराच्या इमारती दिसतात आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो. मसाला दूध मात्र घरी येऊन प्यायलो. इथे सहभोजनाला मनाई आहे, ती फक्त मे महिन्यातल्या लायलॅक संडेला, म्हणजे लायलॅकच्या फुलांच्या उत्सवाच्या रविवारी, उठते. नियम माहीत असू द्या : पानं, फळं, बिया तोडायच्या किंवा गोळा करायच्या नाहीत. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला पिवळी पानं उचलावीत असं आईला वाटलं होतं, पण हा सगळा नोंद ठेवलेला संग्रह आहे म्हटल्यावर तिला लगेच पटलं.

मेट्रोच्या ऑरेंज लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर, फॉरेस्ट हिल्सला उतरलात की बाग चालत गाठता येते. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी गाडी आणूच नका. स्वच्छतागृहासाठी आर्बोरवे गेटजवळची हनीवेल इमारत लक्षात ठेवा. गवतातून चाललात तर घरी आल्यावर पाय तपासा, गोचिडी पानगळीतही असतात आणि त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाची भीती खरी आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आत अंधार पडू लागतो, फेरी दुपारीच उरका. बोन्साय बघायचे असतील तर त्याआधीच जा, हिवाळ्यात ते आत हलवतात.

बहुतेक लोक आई-वडिलांना एप्रिलमध्ये बोलावतात आणि थंडीच्या धास्तीने सप्टेंबरअखेर परत पाठवतात. मुक्काम सहा महिन्यांचाच मिळणार असेल, तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणा आणि परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याचं काढा. दोन जाड जाकिटं आणि चांगले बूट घेऊन द्या.