कागदावर आहार, तोंडी औषध : हेपॅटायटिस 'बी'च्या रुग्णाची फसवणूक

माझ्या दाजींना, म्हणजे अक्काच्या यजमानांना, ज्या 'यकृत शुद्धी' केंद्राने फसवले, त्याने त्यांच्या हातात एकही खोटा कागद दिलेला नाही. पावती खरी आहे, डब्यांवरच्या लेबलांत खोट काढता येत नाही, दाखवलेला शोधनिबंध खरोखर छापून आलेला आहे आणि रक्ताचे अहवालही एका व्यवस्थित चालणाऱ्या प्रयोगशाळेचे आहेत. खोटे होते ते सगळे तोंडी होते. ग्राहक आयोगात जाण्यासाठी कागद जुळवायला घेतले तेव्हा हे ध्यानात आले, आणि दुसऱ्या रुग्णांना ते पैसे भरण्यापूर्वी ठाऊक असावे म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. प्रकरण आयोगापुढे असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही. दिले तरी फारसा उपयोग नाही, कारण दारावरची पाटी एव्हाना बदललेली आहे.

दाजी सांगली जिल्ह्यातले द्राक्ष बागायतदार. गावच्या शिबिरात त्यांनी रक्तदान केले आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून भेटीला या असे पत्र आले. दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. त्यातली हेपॅटायटिस बी ची चाचणी पॉझिटिव्ह आली होती. त्यांना काहीही होत नव्हते, भूक चांगली होती, बागेतले काम चालू होते. पुढच्या तपासण्यांत विषाणूचे प्रमाण बरेच असल्याचे आणि यकृताला सूज असल्याचे दिसले, म्हणून डॉक्टरांनी टेनोफोविरची रोज एक गोळी सुरू केली. ही गोळी विषाणूची वाढ थांबवते, मात्र यकृतपेशींच्या केंद्रकात दडून बसलेली त्याची मूळ प्रत नष्ट करत नाही. त्यामुळे गोळी बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल आणि मनाने कधीही बंद करायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. दाजींच्या मनात रुतला तो 'आयुष्यभर' हा एकच शब्द. त्यातच हा आजार रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो हे कळल्यावर त्यांनी तो भावकीपासून लपवला. ज्या आजाराबद्दल चारचौघांत विचारता येत नाही त्याचा बाजार किती सोपा असतो, हे मला तेव्हा पुरते उमगले नव्हते.

आपल्याकडे काविळीच्या गावठी औषधाला मान आहे. कोणी घेटुळीच्या काड्यांची माळ घालते, कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवते, कोणी सकाळी अनशापोटी ताकातून मुळी देते. यांतल्या बहुतेकांना यश येते, कारण पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ ही सहसा हेपॅटायटिस ए किंवा ई असते आणि ती बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय ज्याने शेवटी हात लावला त्याच्या पदरात पडते. हेपॅटायटिस बी आणि सी मात्र वर्षानुवर्षे शरीरात मुकाट राहतात आणि यकृत कडक करत जातात. तिथे बरे वाटणे किंवा न वाटणे हे काहीच सिद्ध करत नाही. केंद्राच्या 'सल्लागारा'ने पहिल्याच भेटीत हा फरक पुसून टाकला. "तुमच्या आजोबांची कावीळ कशाने गेली होती?" एवढाच प्रश्न त्याने विचारला, आणि दाजींनी स्वतःच उरलेले वाक्य पूर्ण केले.

मग शोधनिबंध पुढे आला. तो १९८८ साली लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापलेला होता. चेन्नईच्या संशोधकांनी हेपॅटायटिस बी च्या वाहकांना तीस दिवस भुईआवळीची भुकटी दिली होती. औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचे प्रतिजन (त्याच्या आवरणावरचे प्रथिन, ज्यावरून संसर्ग ओळखतात) नाहीसे झाले, तर बिनऔषधी पूड घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. लेखकांमध्ये बारूक ब्लूमबर्ग यांचेही नाव आहे, म्हणजे ज्यांनी हा विषाणू शोधला आणि १९७६ चे नोबेल मिळवले तेच. अशी छायाप्रत समोर ठेवल्यावर कोणता शेतकरी शंका घेईल? मी घरी येऊन ती तपासली, आणि ती अस्सल निघाल्यामुळे माझीही अडचण झाली. केंद्राने सांगितले नाही ते एवढेच की नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसे यश पुन्हा मिळाले नाही, आणि २०११ साली कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेऊन भुईआवळीचा या आजारात उपयोग होतो असे म्हणण्यासारखा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला. पहिला कागद दाखवायचा आणि पुढचे सगळे कपाटात ठेवायचे, ही पद्धत मला साध्या थापेपेक्षा अधिक धोकादायक वाटते, कारण शंका घेऊन तपासणारा माणूसही तिथे फसतो.

नव्वद दिवसांच्या 'कोर्स'चे ४२,००० रुपये ठरले. त्यात दोन प्रकारच्या कॅप्सूल, एक काढा, एक आहारतक्ता आणि कागदाच्या काही साध्या पुड्या होत्या, ज्यांवर काहीच छापलेले नव्हते. डब्यांवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक नव्हता. होता तो अन्न परवाना, आणि खाली मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असे छापले होते. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर ही सूचना असावीच लागते, आणि अशा मालाने रोग बरा करण्याचा दावा करायचा नसतो. पावतीवरही औषधाचा उल्लेख नव्हता, 'आहार सल्ला शुल्क' असे लिहिले होते. औषधांच्या बाबतीतही कायदा सैल नाही : औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत जे आजार बरे करण्याचा दावा करण्यास मनाई आहे त्यांत कावीळ, हेपॅटायटिस आणि यकृताचे विकार आहेत. म्हणूनच भिंतीवर, पत्रकावर किंवा पावतीवर कुठेही 'हेपॅटायटिस बी बरा होतो' असे वाक्य नव्हते. ते वाक्य फक्त खोलीत बोलले जात होते.

सगळ्यांत घातक गोष्टही बोलण्यातूनच आली. "रासायनिक गोळी आणि आपला काढा एकत्र चालत नाही, गोळी थांबवा," असे सांगितले गेले आणि दाजींनी टेनोफोविर बंद केली. महिन्याभराने केंद्राने रक्त तपासून घेतले. यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी सामान्य, विषाणू 'आढळला नाही'. केंद्रात पेढे वाटले गेले. वास्तविक वर्षभर गोळी घेतल्यामुळे विषाणू आधीच आटोक्यात आला होता. आधीच्या रुग्णालयाच्या अहवालातही शब्दशः तेच लिहिलेले होते, पण ते दोन कागद कोणी शेजारी शेजारी ठेवले नव्हते. शिवाय नव्या अहवालाच्या दुसऱ्या पानावर एचबीएसएजी, म्हणजे विषाणूचे तेच प्रतिजन, पॉझिटिव्हच होते. त्यावर उत्तर मिळाले की ती जुनी खूण आहे, हळूहळू पुसली जाईल, त्यासाठी दुसऱ्या टप्प्याचे पैसे भरावेत.

आहारतक्त्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण पथ्यावर आपला विश्वास औषधापेक्षाही जास्त असतो. डाळी बंद, अंडी बंद, दूध बंद, हळद बंद, रात्रीचे जेवण बंद. दिवसभर फळे, उसाचा रस आणि काढा. मेहनतीचे काम करणाऱ्या माणसाला यामुळे अशक्तपणा येणारच. दाजींचे वजन झपाट्याने उतरले तेव्हा त्याला 'शुद्धी' म्हटले गेले. मधे एकदा एप्सम मीठ, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पाजून 'यकृत धुण्याचा' कार्यक्रमही झाला, आणि दुसऱ्या दिवशी शौचातून पडलेले हिरवट गोळे म्हणजे यकृतातली घाण असे सांगण्यात आले. असे गोळे प्रयोगशाळेत तपासले गेले आहेत. २००५ साली लॅन्सेटमध्येच त्याबद्दलचे पत्र प्रसिद्ध झाले. ते पित्ताचे खडे नसून प्यालेल्या तेलाचा पोटात बनलेला साबण असतो. पुढे रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला सल्ला इतका साधा होता की अक्काला तो पुन्हा विचारावासा वाटला : भाकरी, आमटी, अंडी, दूध, मासे सगळे चालेल, उपाशी राहू नका, दारूचा थेंबही नको, आणि बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका घरात ठेवू नका, कारण त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष हेपॅटायटिस बी असलेल्या माणसाचा यकृताच्या कर्करोगाचा धोका फार वाढवते. कॉफी आवडत असेल तर प्यावी, असेही त्या म्हणाल्या. पैसे घेऊन विकता येईल असे यात काहीच नाही.

गोळी बंद झाल्यावर काही महिन्यांनी दाजींना मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे पडले. केंद्राचे म्हणणे, शरीरातले विष बाहेर पडत आहे, घाबरू नका, मात्रा वाढवा. अक्काने ऐकले नाही आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी आणले तेव्हा एसजीपीटी हजाराच्या वर गेले होते आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावली होती. विषाणुरोधक गोळी अचानक सोडल्यावर विषाणू उसळी घेतो आणि काही रुग्णांत यकृत निकामी होण्यापर्यंत पाळी येते, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. टेनोफोविर पुन्हा सुरू झाली आणि दाजी हळूहळू सावरले. सगळ्यांचे असे नशीब नसते.

हा लेख आयुर्वेदाच्या विरोधात नाही. आमच्या ओळखीचे एक नोंदणीकृत वैद्य आहेत. दाजींनी सुरुवातीला त्यांनाच विचारले होते, आणि त्यांनी सरळ सांगितले होते की भूक, पचन, झोप यासाठी मी मदत करीन, पण विषाणू घालवतो असे लिहून देणार नाही आणि तुमची गोळीही थांबवणार नाही. 'वनस्पती म्हणजे निर्धोक' हे मात्र त्यांनाही मान्य नव्हते. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला, पण पुढच्याच वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती छापून आली. मिऱ्याचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या हळदीच्या कॅप्सूलनेही यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. आधीच सुजलेल्या यकृतावर असे प्रयोग कोणी करू नयेत, आणि लेबल नसलेली पुडी तर मुळीच घेऊ नये, कारण तीत स्टेरॉइड असेल तर माणसाला चार दिवस तरतरी येते आणि आत विषाणू फोफावतो.

दाजींची गोळी आता सरकारी रुग्णालयातून विनामूल्य मिळते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधे मोफत आहेत. हेपॅटायटिस सी तर बहुतेकांच्या बाबतीत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. अक्का आणि मुलांची तपासणी झाली, तिघेही निगेटिव्ह निघाले आणि त्यांना लशीचे तीन डोस देण्यात आले. केंद्राने त्यांच्यासाठी 'संरक्षक चूर्ण' सुचवले होते.

तक्रार आम्ही दोन ठिकाणी केली आहे, अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आणि जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क लागत नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. केंद्राच्या वकिलाचे उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले : आम्ही औषध दिलेच नाही, आहारसल्ला दिला, गोळी रुग्णाने स्वतःच्या मर्जीने बंद केली. याला छेद देणारी एकच वस्तू आमच्याकडे आहे. गोळी बंद करताना दाजींनी सल्लागाराला व्हॉट्सॲपवर पुन्हा विचारले होते, आणि त्याने टंकलेखनाचा कंटाळा करून आवाजी संदेशात "हो, आजपासूनच थांबवा" असे सांगितले होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडून तो संदेश सादर केला आहे, आणि मूळ फोन दाजींनी विकलेला किंवा बदललेला नाही. पुढच्या तारखेला त्यावर केंद्राचे म्हणणे मागवले आहे.