हेलिओस, टाकुमार की नॉकटॉन? फुल फ्रेमसाठी कॅरेक्टरवाली प्राइम घेताना

आताच्या नव्या प्राइम (झूम नसलेल्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्स) एवढ्या शार्प आहेत की फोटोत खोट काढायला जागा नसते, पण ज्यांना तो फोटो जरा कोरडा वाटतो ते जुन्या लेन्सकडे वळतात. ज्याला आपण कॅरेक्टर म्हणतो ती खरं तर लेन्समध्ये राहून गेलेली खोटच असते, त्यामुळे बघायचं एवढंच की कुठली खोट तुमच्या कामाची आहे आणि ती रोज चालेल का.

हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२. सोव्हिएत बनावटीची, डिझाइन मुळात झाइसच्या बायोटारवरून घेतलेलं, आणि नाव झालंय ते गरगर फिरणाऱ्या बोकेमुळे (मागच्या धूसर भागाच्या दिसण्यामुळे). पण नुसती लेन्स लावली की बॅकग्राउंड फिरायला लागतं असं अजिबात नाही. माणूस दीड-दोन मीटरवर मधोमध, त्याच्या मागे काही मीटर सोडून झाडी, पानांच्या फटींतून उजेडाचे ठिपके आणि अपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) पूर्ण उघडं, एवढं सगळं जुळलं की कडेचे ठिपके बदामासारखे निमुळते होतात आणि चेहऱ्याभोवती गोलात लागतात. मागे साधी भिंत असेल तर काही दिसत नाही, एफ/४ ला गेलात की परिणाम बराचसा ओसरतो. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) नेमक्या त्याच कडा कापून टाकतो म्हणून हिची मजा फुल फ्रेमवरच. ऊन समोरून आलं तर कॉन्ट्रास्ट पार धुऊन निघतो, काहींना तेच आवडतं.

सुपर टाकुमार ५० एमएम एफ/१.४ चं तसं नाही, ती गाजावाजा करत नाही. एफ/१.४ ला कडांवर आणि हायलाइटभोवती हलकी मऊ चमक, एफ/२.८ ला कॉन्ट्रास्ट सावरलेला, एफ/५.६-८ ला लँडस्केपसुद्धा बिनधास्त काढा. म्हणजे नुसती अपर्चरची रिंग फिरवून दोन वेगळ्या लेन्स मिळाल्यासारखं, आणि फोकस रिंग इतकी लोण्यासारखी फिरते की हातातून ठेववत नाही. एक गोष्ट मात्र बघून घ्या, ७ एलिमेंटवाल्या (आत सात काचा असलेल्या) व्हर्जनमध्ये थोरियमची काच आहे, ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते. काही दिवस यूव्ही लाइटखाली ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. साध्या अडॅप्टरवर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायच्या रिंगवर) लावताना लेन्सचा ऑटो-मॅन्युअल स्विच मॅन्युअलवर टाका, नाहीतर अपर्चर उघडंच राहतं.

फोक्टलेंडरची नॉकटॉन क्लासिक ३५ एमएम एफ/१.४, सोनी ई माउंटवाली (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जागा), ही नवी लेन्स पण स्वभाव मुद्दाम जुना ठेवलेला. वाइड ओपनला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं असताना, चमक येते, रात्रीच्या दिव्यांना कडेला पंख फुटतात. फोकस मॅन्युअलच, पण इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट आहेत, त्यामुळे रिंग फिरवली की व्ह्यू आपोआप मोठा करता येतो, एक्झिफ (फोटोसोबत साठवली जाणारी सेटिंगची माहिती) नोंदलं जातं आणि कॅमेऱ्याच्या हादरे सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनला फोकल लेंथ आपोआप कळते. जुन्या दोघींना ती मेनूत हाताने भरावी लागते, आणि लेन्स बदलल्यावर भरायला विसरलात तर शॉट हललेला येऊ शकतो.

माझं मत विचाराल तर एकच घ्यायची असेल तर टाकुमार, कारण ती रोज कॅमेऱ्यावर राहू शकते. हेलिओस पोर्ट्रेटवाल्यांनी घ्यावी, तीही दुसरी लेन्स म्हणून, सारखं वापरलं की प्रत्येक फोटोत तोच भोवरा दिसायला लागतो. रस्त्यावर फिरत, भराभर फोटो काढणाऱ्याने सरळ नॉकटॉन घ्यावी, अडॅप्टरचं झंझट नको.

माउंटचं पण बघा. हेलिओस आणि टाकुमार दोन्ही एम४२ या जुन्या स्क्रू माउंटच्या, फ्लँज अंतर (माउंटपासून सेन्सरपर्यंतचं) ४५.४६ एमएम. सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, त्यामुळे मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) अडॅप्टरला भरपूर जागा मिळते. निकॉनच्या डीएसएलआरचं (आरशावाल्या कॅमेऱ्याचं) अंतर मात्र ४६.५, तिथे साध्या अडॅप्टरवर इन्फिनिटीला, म्हणजे खूप लांबच्या गोष्टींवर, फोकस होतच नाही आणि मधे काच असलेला अडॅप्टर लावला तर क्वालिटी पडते, तेव्हा ती बॉडी असेल तर या दोघींच्या नादी लागू नका.