चोर्ल्याच्या उतारावर चौदा महिने: आमच्या डिझेल पिकअपचा अनुभव

गोव्याला भाजी नेणारा माणूस पिकअप घ्यायला गेला की शोरूममध्ये त्याला चढाचं सांगतात. ताकद किती, टॉर्क किती, भरली गाडी घाट कशी खेचते. मीही तेच विचारत बसलो होतो. गाडी दारात आल्यावर दोन महिन्यांनी डोक्यात प्रकाश पडला की आमच्या धंद्यात भरलेली गाडी घाट चढतच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर, आणि म्हापशाचा बाजार जवळजवळ समुद्राच्या पातळीला. माल उतरतो, रिकामे क्रेट चढतात. म्हणजे आमच्यासाठी इंजिनाच्या आधी ब्रेक. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पहिल्या सहा महिन्यांतले बरेच पैसे वाचले असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं गाव उचगावच्या बाजूला. घरची रताळी, बटाटा, कोबी आणि शेजारच्या चार-पाच घरांचा माल. आधी दुसऱ्यांच्या गाडीला भाडं देऊन पाठवायचो. २०२४च्या पाडव्याला स्वतःची घेतली. अडीच लिटरचं बीएस-सहा (धुराच्या नव्या नियमांतलं) डिझेल इंजिन, पाच गिअर, पेलोड, म्हणजे भरता येणारा माल, १३०० किलो. पासिंग, विमा, हौद्याची जाळी सगळं धरून साडेदहा लाखांपर्यंत गेलं. नऊ लाखांचं कर्ज, पाच वर्षं, हप्ता १९ हजारांच्या वर. आज मीटरवर ५८ हजार किलोमीटर आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी या चोर्ला घाटातून गोव्यात उतरणाऱ्या एकाच रस्त्यावरचे.

मोठं मॉडेल का घेतलं नाही, असं बरेच जण विचारतात. गाडीचं मालासकट एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. रोज राज्याची हद्द ओलांडणाऱ्याला एक कागद कमी म्हणजे एक काळजी कमी. दुसरा प्रश्न लायसन्सचा. धाकटा भाऊ चालवतो, त्याच्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं, लायसन्स. अपघात झाला तर विमा मिळणार नाही, अशी भीती बाजारात सगळे घालायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकाल दिला की साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. त्या दिवशी घरात सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

आता मुख्य गोष्ट, पाट्यांची, म्हणजे मागच्या चाकांवर हौद्याचा भार पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगची.

१३०० किलो म्हणजे पन्नास किलोची २६ पोती. बाजारात २६ पोत्यांवर कुणी थांबत नाही. दलाल म्हणतो, "जागा दिसत्येय की, आणखी दहा टाका." दहा टाकली की मागून गाडी बसते, हौदा टायरला टेकायला येतो. मग सगळे जे करतात तेच मी केलं. ११ हजार किलोमीटरवर मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी ताठ उभी राहिली. ३६ पोती घालूनही हलेना. मला वाटलं, चांगलं काम झालं.

१९ हजारांवर पुढचे ब्रेक पॅड संपले. सर्व्हिस सेंटरने नवे घातले, म्हणाले घाटात चालते म्हणून. २६ हजारांवर, दसऱ्याच्या आधी, तेही संपत आले. आणि त्याच आठवड्यात ती रात्र आली. कणकुंबी सोडली, बारीक पाऊस, पुढे एक ट्रक. चौथ्या-पाचव्या वळणानंतर केबिनमध्ये ब्रेकचे लाइनर जळाल्याचा वास भरला. पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा दोन बोटं खाली गेलं, मग आणखी खाली. दुसरा गिअर टाकून, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या कडेला घेतली. खाली उतरून पुढच्या चाकाजवळ वाकलो तर रिमवर पावसाचे थेंब पडून चर्र चर्र वाजत होते, आणि वाफेचा बारीक धागा वर चढत होता. भावाचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरून मी बाटलीतलं पाणी डिस्कवर ओतलं. ती आणखी एक चूक. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते. दुसऱ्या दिवसापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं.

सर्व्हिस सेंटर पुन्हा पॅडच बदलायला निघालं होतं. मी गाडी उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकाकांकडे नेली. ते कन्नड बोलतात, मी मराठी, अडत काहीच नाही. त्यांनी पॅड बघितलेच नाहीत. गाडीखाली गेले, मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीकडे, म्हणजे गाडीच्या सांगाड्याकडे, जाणारी एक बोटभर जाडीची सळई धरून हलवली आणि मला खाली बोलावलं.

ती सळई एका छोट्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. माल भरला की चासी खाली बसते, सळई कलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की मागे प्रेशर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. म्हणजे गाडीत किती माल आहे हे त्या व्हॉल्व्हला फक्त पाटे किती दबले यावरून कळतं. मी पाटे वाढवून ते दबणंच बंद केलं होतं. १८०० किलो माल भरून मी घाट उतरत होतो आणि व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामी होती. मागचे ब्रेक जेमतेम लागत होते, सगळा भार पुढच्या दोन डिस्कवर. मागचे ड्रम उघडले तर लाइनर जवळजवळ नवे निघाले.

वाढवलेले पाटे काढले. सळई कंपनीच्या मापावर परत लावली. डिस्क आणि पॅड बदलले. ब्रेक ऑइलही बदललं, कारण पेडल मऊ लागण्यामागे तेही होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं. डॉट-३ प्रतीचं कोरं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरलेलं १४० लाच. उकळलं की पाइपात बुडबुडे होतात, पेडल दाबलं की ते बुडबुडेच दबतात, ब्रेक लागत नाही. खानापूरच्या पट्ट्यात पाऊस किती पडतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी आता डॉट-४ वापरतो आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बदलतो. निघताना काका एवढंच म्हणाले, "सावकाश होग्री." म्हणजे सावकाश जा. सावकाश हा शब्द त्यांचाही तोच.

त्यानंतर पॅडचा तो सेट ५२ हजारांपर्यंत चालला. तोच रस्ता, तेच चालवणारे हात. फरक पडला तो पाट्यांनी आणि पोत्यांनी. मी २६ वर थांबतो. दलालाशी दोनदा वाजलं, एक गिऱ्हाईक तुटलं, त्याचं वाईट वाटतं. पण जास्तीच्या दहा पोत्यांचं भाडं पॅड, डिस्क आणि टायर यांतच जात होतं. शिवाय केंद्राच्या कायद्यात २०१९ पासून जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते शंभर टक्के खरं. आमच्या भागात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, वाचत काहीच नाही. हल्लीच्या कॉमनरेल इंजिनात गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला डिझेल जळतच राहतं. म्हणजे ब्रेकही जातात आणि डिझेलही.

बीएस-सहाच्या सायलेन्सरमधल्या फिल्टरबद्दल, म्हणजे डीपीएफबद्दल, लोक फार घाबरवतात. माझा अनुभव मिश्र. हा फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेलं की जाळून टाकतो. त्यासाठी गाडी सलग, जरा जोरात चालायला लागते. गोव्याच्या फेऱ्या चालू असताना एकदाही त्रास नाही. गेल्या जुलैत तीन आठवडे फक्त गाव ते मार्केट यार्ड असं दहा-बारा किलोमीटरचं येणं-जाणं चाललं, आणि पिवळा दिवा लागला. रिकामी गाडी हायवेला काढली, काकतीवरून हत्तरगीच्या टोलनाक्याच्या अलीकडपर्यंत चौथ्या गिअरमध्ये नेऊन आणली, दिवा गेला. ज्याची गाडी फक्त गावातच फिरणार आहे त्याने डिझेल घ्यायच्या आधी खरंच दोनदा विचार करावा.

त्याच काळात आणखी एक दिसलं, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डिपस्टिक काढली तर इंजिन ऑइल आधीपेक्षा वर आलेलं. ऑइल कमी होतं हे माहीत होतं, वाढतं कसं? फिल्टर तापवायला इंजिन जादा डिझेल सोडतं, आणि मधेच गाडी बंद केली की त्यातलं थोडं सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोला मारक. खुणेच्या वर गेलं तर थांबू नका, बदला. ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, डब्यावरचं वाचून. स्वस्त ऑइलची राख फिल्टरमध्ये कायमची बसते, ती जळत नाही.

डिझेलमध्ये पाणी हा पावसाळ्यातला डोकेदुखीचा प्रकार. फिल्टरच्या तळाला एक छोटा नट असतो, तो सैल करून मी दर पंधरा दिवसांनी काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढतो. दहा मिनिटं बाटली ओट्यावर ठेवायची. पाणी असेल तर तळाला वेगळं बसतं, मध्ये सरळ रेघ दिसते. पहिल्या पावसाळ्यात दोन बोटं पाणी निघालं होतं. ते इंजेक्टरपर्यंत गेलं असतं तर खर्च हजारांत नव्हता, लाखाच्या घरात होता. तेव्हापासून रात्री टाकी अर्धी रिकामी ठेवत नाही, कारण रिकाम्या जागेतली दमट हवाच गार होऊन पाणी धरते.

उंदीर! भाजीच्या गाडीला हा रोग हमखास. हौद्यात कोबीचा पाला, केबिनमध्ये चार शेंगा, आणि बॉनेटखाली ऊब. एका पहाटे कणकुंबीच्या अलीकडे गाडी एकदम ओढेनाशी झाली, तीस-चाळीसच्या पुढे जाईना. टर्बो गेला म्हणून पोटात गोळा आला. निघालं काय, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरची एक वायर कुरतडलेली. सेन्सरकडून माहिती येईना म्हणून इंजिनाने स्वतःच ताकद कमी केली होती. वायर जोडून टेप मारला, गाडी चालू. आता रोज हौदा धुतो आणि रात्री बॉनेट उघडं ठेवून लावतो.

क्लच प्लेट ४९ हजारांवर बदलली. यार्डात भरली गाडी मागे-पुढे करण्यात ती झिजली, घाटात नाही. मागच्या उजव्या हबचं ऑइल सील एकदा गळलं. बाकी इंजिनाला पाना लागलेला नाही. भरून उतरताना आणि रिकामी चढताना मिळून लिटरला साडेबारा पडतं, येऊन-जाऊन वीसेक लिटर. सीट बरी, हेडलाइट धुक्यात अपुरे, पिवळे फॉग लाइट वेगळे बसवले. गरमी होते, पण पहाटेच्या धंद्याला चालून जातं.

आता गावातली दोन पोरं अशीच गाडी सेकंडहँड बघतायत आणि मला बरोबर नेतात. मी इंजिन नंतर ऐकतो. आधी चटई टाकून मागून गाडीखाली जातो आणि दोन्ही बाजूंचे पाटे मोजतो. मग ती सळई बघतो, आहे की काढून टाकलीय, की तारेने बांधलीय. गेल्या महिन्यात निपाणीला एक गाडी बघितली, रंग झकास, मीटर ४० हजारांच्या आत. खाली सळईच्या जागी बांधकामाची तार होती. आम्ही चहा पिऊन परत आलो.