जुना स्वस्त फोन चालवत राहावा की मध्यम किमतीचा नवा घ्यावा?

आईचा फोन २०१९ सालातला. रॅम २ जीबी, साठवण ३२ जीबी. बँकेच्या ॲपमधून पैसे पाठवताना ओटीपी येतो, तो बघायला ती मेसेजमध्ये जाते, सहा आकडे पुटपुटत परत येते आणि बघते तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. परत पासवर्ड, परत नाव, परत रक्कम, परत नवा ओटीपी. कितीतरी दिवस ती समजत होती की आपलंच काहीतरी चुकतंय. तिचं काही चुकत नव्हतं. दोन ॲप एकदम धरून ठेवण्याइतकी जागाच फोनच्या रॅममध्ये उरली नव्हती. मेसेज उघडला की अँड्रॉइड मागचं ॲप बंद करून टाकत होतं.

तिच्यासाठी नवा फोन घ्यायचा की आहे तोच दुरुस्त करून चालवायचा, यावर मी बरेच दिवस घालवले. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. नुसती वैशिष्ट्यं शेजारीशेजारी ठेवून निर्णय होत नाही, कारण तिथे नवा फोन जवळपास प्रत्येक ओळीत जिंकतो. आधी आपली तक्रार नीट बघावी लागते: ती दुरुस्तीने जाणारी आहे, की फोनला जन्मापासून चिकटलेली आहे?

बोलणं हवेत राहू नये म्हणून दोन खरे फोन समोर ठेवतो. सॅमसंगचा गॅलेक्सी ए१०, मार्च २०१९ मधला, २ जीबी रॅमचा. आणि त्याच कंपनीचा गॅलेक्सी ए५५, मार्च २०२४ मधला, ८ जीबी रॅमचा. पहिला स्वस्त गटातला, दुसरा मध्यम. मध्ये बरोबर पाच वर्षं. आईचा फोन यांपैकी नाही. पण तुमच्या हातात दुसऱ्या कुठल्या कंपनीचा फोन असला तरी ही जोडी मोजपट्टी म्हणून चालेल.

रॅम आणि साठवण: खरा फरक इथे

फोन मंद झाला की दोष प्रोसेसरला दिला जातो. प्रोसेसर जुना असतोच, पण रोजच्या वापरात अडवतात त्या बहुतेकदा दुसऱ्याच दोन गोष्टी.

पहिली रॅम. २ जीबीतला मोठा हिस्सा अँड्रॉइड स्वतःच वापरतं. उरलेल्यात कीबोर्ड, व्हॉट्सॲप, ब्राउझर आणि बँकेचं ॲप यांची कोंबाकोंबी. जागा कमी पडली की फोन वापरात नसलेलं ॲप बंद करतो आणि परत उघडलं की पहिल्यापासून सुरू करतो. आईचा ओटीपीचा त्रास हाच. याला दुरुस्ती नाही, कारण रॅम बोर्डावर डाखलेली असते. ८ जीबीच्या फोनवर दहा-बारा ॲप उघडी असली तरी मागचं जिथे सोडलं तिथेच सापडतं.

इथे एक सावधगिरी. नव्या फोनच्या जाहिरातीत '८ + ८ जीबी' असं लिहिलेलं दिसतं. त्यातले पहिले ८ खरे. दुसरे ८ म्हणजे साठवणीतलाच एक कोपरा रॅमसारखा वापरायला दिलेला असतो आणि तो रॅमच्या मानाने फारच संथ असतो. तुलना करताना पहिलाच आकडा धरा.

दुसरी गोष्ट साठवण. इथे लोक फक्त किती जीबी ते विचारतात, कोणत्या प्रकारची ते विचारत नाहीत. ए१० मध्ये ईएमएमसी ५.१ या जुन्या प्रकारची साठवणीची चिप आहे, ए५५ मध्ये यूएफएस या नव्या प्रकारची. ईएमएमसीला एका वेळी एकच काम जमतं: वाचणं किंवा लिहिणं. यूएफएस दोन्ही एकदम करतं, शिवाय वेगही कितीतरी जास्त. म्हणून जुन्या फोनवर मागे एखादं ॲप अपडेट होत असेल तर पुढे साधा डायल पॅडही उघडायला तयार नसतो. लिहिण्याने रस्ता अडलेला असतो आणि वाचणं मागे खोळंबतं.

त्यात ही साठवण काठोकाठ भरली की हाल आणखी वाढतात. या चिपमध्ये जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा कप्पा पुसून मोकळा करावा लागतो. मोकळे कप्पे मुबलक असले की हे काम गुपचूप होतं. नसले की प्रत्येक फोटो साठवताना आधी सामानाची हलवाहलव. आईच्या फोनमध्ये जेमतेम ६०० एमबी शिल्लक होते. ग्रुपवर आलेले व्हिडिओ एका दुपारी बसून काढले, ७ जीबी मोकळे झाले. अक्षर दाबल्यावर उमटायला जो क्षण लागत होता तो गेला, कॅमेरा लवकर उघडू लागला. ओटीपीचा त्रास मात्र तसाच राहिला. भरलेली जागा रिकामी करता येते, कमी रॅम वाढवता येत नाही, हे मला त्या दुपारी समजलं.

तुमची तक्रार 'फोन अडकतो' एवढीच असेल, तर आधी साठवणीचा पाचवा हिस्सा मोकळा करून आठवडाभर बघा. तेवढ्यावर भागलं तर भागलं.

अपडेट

माझ्या मते निर्णय फिरवणारी बाब ही आहे, आणि दुकानात तिच्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

ए१० अँड्रॉइड ९ घेऊन आला आणि ११ वर थांबला. त्याची सुरक्षा अपडेटही बंद झाली आहेत. म्हणजे अँड्रॉइडमध्ये आज एखादी फट सापडली, तर ती बुजवणारा पॅच या फोनपर्यंत येणार नाही. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत परस्पर अपडेट होतात, त्यामुळे जुना फोन अगदीच उघड्यावर पडतो असं नाही. पण प्रोसेसर, मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि सिस्टीमच्या गाभ्यातल्या फटी त्या वाटेने बुजत नाहीत.

दुसरा परिणाम ॲपवर होतो. गूगल क्रोमची १३८ क्रमांकाची आवृत्ती ही अँड्रॉइड ८ आणि ९ साठी शेवटची ठरली. २०२५ मध्ये आलेल्या १३९ पासून क्रोमला किमान अँड्रॉइड १० लागतं. ज्यांनी ए१० घेतल्यापासून एकही अपडेट टाकलं नसेल, त्यांचा ब्राउझर तिथेच गोठला. बँकांची ॲपही अशीच एकेक पायरी वर सरकत असतात, आणि एके दिवशी ॲप म्हणतं की या फोनवर चालणार नाही.

ए५५ ला कंपनीने अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट जाहीर केली आहेत. १४ वरून निघालेला हा फोन १८ पर्यंत जाईल आणि पॅच २०२९ पर्यंत येत राहतील. ही मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचा मध्यम फोन सवलतीत मिळतोय म्हणून घेतला, तर त्याची दोन वर्षं आधीच संपलेली असतात. सवलत बघताना उरलेली वर्षंही बघा. गूगलच्या पिक्सेल ८ए ला सात वर्षांचं आश्वासन आहे. सॅमसंगच्या स्वस्त गटातल्या ए१६ लाही सहा वर्षांचं आहे. म्हणजे लांब मुदतीसाठी महागच फोन घ्यावा लागतो, असं आता राहिलेलं नाही.

आपल्या फोनची स्थिती बघायला दोन मिनिटं पुरतात. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'च्या आसपास सुरक्षा पॅचची तारीख लिहिलेली असते. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि त्याच फोनवरून तुम्ही पैशांचे व्यवहार करत असाल, तर बाकी काही न बघता फोन बदला, असं मी म्हणेन. निदान व्यवहार तरी दुसऱ्या फोनवर न्या.

बॅटरी

बॅटरी दिवसभर पुरत नाही म्हणून फोन बदलणारे पुष्कळ. लिथियम-आयन बॅटरी काही शे चार्जिंगनंतर क्षमता गमावते, हा तिचा स्वभावच आहे. बाकी फोन ठीक असेल तर बॅटरी बदलून घेणं हा सरळ उपाय. ती फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर फोन लगेच वापरातून काढा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका.

आकड्यांत बघायचं तर ए१० ची बॅटरी ३४०० एमएएच, ए५५ ची ५०००. ए१० पाच वॅटने चार्ज होतो, म्हणजे पूर्ण भरायला तीन तासांच्या आसपास. ए५५ पंचवीस वॅट घेतो आणि दीड तासाच्या आत भरतो. मात्र त्याच्या खोक्यात चार्जर येत नाही, आणि जुन्या चार्जरची मायक्रो-यूएसबी केबल कपाटात जाते, कारण नव्या फोनचं तोंड टाइप-सी.

पडदा

ए१० चा पडदा ६.२ इंच, ७२० × १५२०. ए५५ चा ६.६ इंच, १०८० × २३४०. इंचामागे ठिपके मोजले तर साधारण २७० विरुद्ध ३९०. इंग्रजी वाचताना हा फरक फारसा जाणवत नाही, मराठी वाचताना जाणवतो. बारीक अक्षरांत 'र्द्र' किंवा 'ट्ठ' आलं, किंवा वेलांटी, रफार आणि अनुस्वार 'र्वीं'सारखे एकाच डोक्यावर बसले, की कमी ठिपक्यांच्या पडद्यावर त्यांचा गोळा होतो. आई बातम्या वाचताना फोन डोळ्यांपासून लांब-जवळ करत बसायची, त्यात चष्म्याइतकाच पडद्याचाही भाग होता.

उन्हात फरक आणखी मोठा. ए५५ चा अमोलेड पडदा भर उन्हात वाचता येतो, जुन्या एलसीडीवर हाताचा आडोसा करावा लागतो. पण मंद उजेडात अमोलेडच्या सूक्ष्म लुकलुकण्याने काहींचे डोळे दुखतात. घेण्याआधी उजेड पार कमी करून दहा मिनिटं वाचून बघा.

कॅमेऱ्याचे आकडे

१३ मेगापिक्सेल विरुद्ध ५०, असं वाचलं की सामना एकतर्फी वाटतो. गंमत अशी की ए५५ नेहमीच्या वापरात चार-चार ठिपके एकत्र करून एक बनवतो आणि फोटो देतो साडेबारा मेगापिक्सेलचा. आकडा जवळपास सारखाच! तरी फोटो चांगला येतो, कारण सेन्सर मोठा आहे, हाताची थरथर सावरणारं ओआयएस आहे आणि मागून प्रोसेसर अनेक फ्रेम जुळवून घेतो. भर दुपारी काढलेले दोन्ही फोटो फोनवर बघितले तर फरक शोधावा लागेल. घरात संध्याकाळी हलत्या मुलाचा काढला, तर शोधावा लागणार नाही. तुमचे फोटो बहुतेक उजेडातले आणि कागदपत्रांचे असतील, तर निव्वळ कॅमेऱ्यासाठी फोन बदलू नका.

जिथे जुना सरस आहे

ए१० चं वजन १६८ ग्रॅम, ए५५ चं २१३. पडून वाचणाऱ्याच्या मनगटाला हे ४५ ग्रॅम कळतात. ए१० ला हेडफोनचं भोक आहे, ए५५ ला नाही. मेमरी कार्ड दोन्हींत चालतं, पण ए५५ मध्ये कार्ड घातलं की दुसऱ्या सिमची जागा जाते. जुन्याची पाठ प्लास्टिकची, पडला तर पोचा येतो. नव्याची दोन्ही बाजूंनी काच आहे, चांगल्या दर्जाची असली तरी शेवटी काचच, म्हणून कव्हर हवंच. याउलट पाण्याच्या बाबतीत नवा पुढे: ए५५ ला आयपी६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. वय वाढतं तशी आतली रबरी सीलं ढिली पडतात, त्यामुळे तिसऱ्या वर्षी त्या भरवशावर पोहायला नेऊ नये.

वाय-फायचा मुद्दाही ध्यानात असू द्या. ए१० फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. आजूबाजूला बरेच राउटर असले की त्या पट्ट्यात गर्दी होते आणि आपण दोष इंटरनेट कंपनीला देत बसतो.

मग कुणी काय करावं

फोन बोलण्यासाठी, गाण्यांसाठी, गजरासाठी असेल आणि त्यावर बँकेचं काही नसेल, तर बॅटरी बदला, जागा मोकळी करा आणि वापरत राहा. पैसे, सरकारी कागदपत्रं, ऑफिसचा मेल त्यावर असेल आणि पॅच थांबलेले असतील, तर नवा घ्या. घेताना उरलेली अपडेटची वर्षं पहिली बघा, मग खरी रॅम, मग साठवणीचा प्रकार. कॅमेरा त्यानंतर.

आम्ही नवा घेतला. जुना लगेच पुसला नाही, पंधरा दिवस शेजारी ठेवला, आणि ते बरंच झालं. व्हॉट्सॲपच्या गप्पा दुसऱ्याच दिवशी आल्या, पण बँकेच्या ॲपची नव्या फोनवर नोंदणी, दोन-टप्प्यांच्या लॉगिनचे कोड आणि फक्त जुन्या फोनमध्येच साठवलेले काही नंबर एकेक करून आठवत गेले. तुम्ही जुना फोन कुणाला देणार असाल, तर फॅक्टरी रीसेट करण्याआधी, म्हणजे सगळं पुसून फोन कोरा करण्याआधी, सेटिंगमधून आपलं गूगल खातं काढा. ते राहून गेलं तर पुढच्या माणसाने चालू केल्यावर फोन तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो. मेमरी कार्ड आणि सिमही काढून घ्या. आईचं कार्ड आम्ही विसरलो होतो, ट्रे उघडल्यावर त्यात तिच्या सात वर्षांच्या फोटोंसकट सापडलं.