उंदीर पळवायचं यंत्र, जाळी आणि आईचा तंबाखू : दहा महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टात एका रविवारी नरसोबाच्या वाडीला जायचं म्हणून सकाळी गाडी चालू केली, तर इंजिनाचा पिवळा दिवा विझेचना आणि गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली. बॉनेट उघडलं. इंजेक्टरला जाणाऱ्या वायरी मधोमध तुटलेल्या, आतली तांब्याची तार चकचकीत, म्हणजे काम ताजं. बॅटरीच्या बाजूला शेंगांची टरफलं. बॉनेटला आतून जे काळं गादीसारखं अस्तर असतं, त्याचा ताटाएवढा तुकडा गायब. तो नंतर एसीच्या फिल्टरवर सापडला, पिंजलेल्या कापसासारखा बारीक केलेला, मधे खळगा करून रचलेला. त्यात भडंगाचे चार दाणे होते. गाडीत भडंग सांडणारे आम्हीच, तक्रार कुणाकडं करणार?

आमचं घर सांगलीत, हरिपूर रोडला. मागं एक मोकळा प्लॉट, त्याच्यामागं ऊस. मी नोकरीला मिरजेला टू-व्हीलरवर जातो, त्यामुळं गाडी सोमवार ते शनिवार पत्र्याच्या शेडमध्ये उभी. उंदरांचे इकडं दोन हंगाम असतात. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की नदीकाठची बिळं भरतात आणि ती मंडळी वर येतात. दुसरा हंगाम दिवाळीनंतर, कारखाने सुरू झाले की. मागच्या शेतात तोड आली आणि फड मोकळा झाला की दोन-तीन रात्रीत उंदीर आणि घुशी थेट कॉलनीत.

शोरूमनं सांगितलं, वायरिंगचा अख्खा संच बदलावा लागेल, अडतीस हजार. शंभर फुटी रोडच्या एका इलेक्ट्रिशियनकडं गेलो. त्यानं टॉर्च मारून आत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, चार वायरी खाल्ल्यात, चारच जोडू की. अख्खा संच कशाला?" सोल्डर मारून, वर स्लीव्ह चढवून, ४,२०० रुपयांत काम झालं. दहा महिने झाले, जोड अजून घट्ट आहेत. जाताना तो एक गोष्ट बोलला, ती मी तेव्हा हसण्यावारी नेली: "पर त्यो परत येणार बघा. वास लागलाय त्याला."

विम्याचं विचारणाऱ्यांसाठी. उंदराचं नुकसान पॉलिसीत बसतं का ते आपल्या पॉलिसीच्या कागदात बघा, पण बसलं तरी आधी कागद-पेन घेऊन बसा. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० आपल्याच खिशातले. झिरो डेप (भागांची झीज न कापणारं जादाचं कव्हर) नसेल तर रबर-प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे धरतात. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर. माझे तीन वर्षं क्लेम नसल्यानं ३५ टक्के जमले होते, पुढच्या नूतनीकरणाला ४५ झाले असते. स्वतःच्या नुकसानीचा माझा मूळ हप्ता सात हजारांच्या आसपास, म्हणजे तीन हजारांवरची सूट घालवून हातात जास्तीत जास्त बत्तीसशे. क्लेम केला नाही. अडतीस हजाराचं बिल झालं असतं तर अर्थात केला असता.

आता यंत्र. बॅटरीला दोन वायरींनी जोडायचं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, वर निळा दिवा लुकलुकतो. माणसाला ऐकू येत नाही असा आवाज काढतं आणि त्यानं उंदीर पळतो, असा दावा. १,४५० रुपयांना मागवलं आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवलं. बसवायच्या आदल्या दिवशी इंजिनाचा भाग धुऊन, लेंड्या काढून, जंतुनाशकानं पुसून घेतला होता. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

उंदीर येतो की नाही हे कळायला बायकोनं युक्ती सांगितली: रांगोळी. रात्री चारी चाकांभोवती रांगोळीचा पातळ थर पसरायचा, सकाळी बघायचं. बारा दिवस एकही पाऊल नाही. मी इतका खूष, की कॉलनीच्या ग्रुपवर फोटोसकट मोठ्ठा मेसेज टाकला. समोरच्या काकांनी त्याच संध्याकाळी ऑर्डर दिली.

तेराव्या सकाळी पुढच्या डाव्या चाकापाशी पावलं होती. रांगोळीत फार सुंदर उठतात हो. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. रेघ चाकापर्यंत सरळ जाते आणि तिथं संपते, कारण साहेब तिथून टायरवर चढून, सस्पेन्शनवरून आत जातात. बॉनेट उघडलं तर निळा दिवा इमानदारीत लुकलुकतोय आणि त्याच्याखाली, वीतभर अंतरावर, शेंगेचं ताजं टरफल.

मग जिद्दीला पेटलो. पुढच्या १८ रात्री यंत्र चालू ठेवून मोजल्या: ११ रात्री पावलं. त्यानंतर यंत्र बंद करून १५ रात्री: ९ रात्री पावलं. म्हणजे चालू काय नि बंद काय, दहापैकी सहा रात्री पाहुणा हजर. मग ते पहिले बारा दिवस कशाचे? माझ्या मते धुण्याचे. उंदीर मुताच्या वासाच्या वाटेवरून परत-परत येतात, ती वाट मीच पुसली होती. श्रेय मात्र निळ्या दिव्याला दिलं. इलेक्ट्रिशियन हेच सांगत होता.

नंतर यावर थोडं वाचलं. उंदराला माणसापेक्षा कितीतरी वरचं ऐकू येतं हे खरं. आपलं वीस किलोहर्ट्झला संपतं, त्याचं ऐंशीच्या घरात जातं. पण एवढ्या वरचा आवाज वस्तूला वळसा घालून जात नाही. इंजिन, बॅटरी, फिल्टरचा डबा, जे आडवं येईल त्याच्यामागं आवाजाची सावली पडते, आणि बॉनेटखाली सावल्याच सावल्या. दुसरं म्हणजे नवा आवाज म्हणून उंदीर चार दिवस बिचकतो, मग सवय होते. वरातीच्या डॉल्बीची आपल्याला होते तशी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारं तिथलं सरकारी खातं) २००१ मध्येच अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं धाडली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागतो. हे मला १,४५० रुपये दिल्यावर कळलं. शिवाय डिसेंबरात नऊ दिवस गावाला जाऊन आलो तर गाडी नुसती टक-टक करायची, चालू होईना. बॅटरी चार वर्षांची होती, त्यामुळं सगळा दोष यंत्राला देत नाही. पण उभ्या गाडीतून ते थोडा-थोडा करंट पीत राहतं, एवढं खरं. पाचपैकी एक तारा, आणि तो दिव्याच्या रंगाला.

मधल्या काळात जो जे सांगेल ते केलं. पुदिना-मिरचीच्या वासाचा स्प्रे आठवडाभर बरा वाटला. पण इंजिनाच्या उष्णतेनं वास उडतो, दर आठ-दहा दिवसांनी मारावा लागतो, आणि पाचशेचा डबा चार वेळातच संपतो. डांबरगोळ्या ठेवल्या तर एसी लावल्यावर पोराचं डोकं दुखायला लागलं. त्यांची वाफ श्वासात घ्यायची नसतेच, काढून टाकल्या. आईनं निपाणीच्या पानाच्या तंबाखूच्या पुरचुंड्या बांधून दिल्या. तिसऱ्या दिवशी एक पुरचुंडी बॅटरीवरून हलून फिल्टरच्या डब्यामागं गेलेली. "नेली म्हणजे घाबरला असंल," आईचं म्हणणं. आईशी या विषयावर वाद घालायचा नाही असं मी ठरवलंय.

वायरींना म्हणे सोयाबीनपासून केलेलं आवरण असतं म्हणून उंदीर येतात. आमच्याकडं सोयाबीनची पोती घरात पडलेली असताना त्यानं वायर कशाला खावी? या सोयाबीनवरून अमेरिकेत गाड्यांच्या कंपन्यांवर दावेही झालेत. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. माझ्या गाडीत त्यानं वायरीबरोबर काच धुवायच्या पाण्याची नळी, अस्तर आणि एक प्लास्टिकची क्लिपही कुरतडली होती.

विष मात्र वापरू नका. आमच्या गल्लीत एकांनी गाडीखाली वड्या ठेवल्या. त्या विषानं उंदराचं रक्त गोठत नाही आणि तो लगेच नाही, काही दिवसांनी मरतो. हा मरायला डॅशबोर्डच्या मागं गेला. डॅशबोर्ड उतरवायची मजुरी आणि पंधरा दिवस काचा खाली करून फिरणं, हा त्यांचा हिशेब. वर असा विष खाल्लेला उंदीर मांजरानं किंवा घुबडानं खाल्ला तर त्यांच्याही जिवाला घोर. मागच्या उसाच्या बांधावर गव्हाणी घुबडाची जोडी आहे, उंदरांचं सगळ्यात जास्त काम तीच करते.

त्यापेक्षा साधा पिंजरा बरा. कांदाभजीला दोन उंदीर आले. तिसऱ्या रात्री चिचुंद्री सापडली, तिला सोडून दिली. ती उंदीरवर्गातली नाहीच, किडे खाते, वायरीशी तिचं देणंघेणं नाही. फक्त वास सहन होत नाही.

खरा फरक पडला तो फेब्रुवारीपासून. आधी जाळी. वायपरच्या खाली, काचेच्या तळाशी जी काळी प्लास्टिकची पट्टी असते, तिथून एसीला बाहेरची हवा जाते. केबिनमध्ये उंदीर शिरायचा राजमार्ग तो. त्याच्या आतून स्टेनलेस स्टीलची, सहा मिलिमीटरपेक्षा बारीक भोकाची जाळी बसवून घेतली. भोक एवढंच का, तर लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून जातो. डोकं गेलं की अंग जातं. प्लास्टिकची मच्छरदाणीची जाळी लावू नका, ती एका रात्रीचं काम आहे. मजुरीसकट साडेसहाशे रुपये लागले. त्यानंतर एसीच्या फिल्टरवर एकदाही घरटं नाही, लेंडी नाही. हिला पाचपैकी पाच.

इंजिनाखालून पण सगळं बंद करून टाका म्हणून मी मागं लागलो होतो, पण मिस्त्रीनं हात जोडले. "सायलेन्सर तापतोय, स्टिअरिंग फिरतंय, शाफ्ट फिरतोय. जाळी सुटून कशात अडकली म्हंजे? उंदीर परवडला." पटलं. खालून पूर्ण बंदोबस्त होत नाही, हे मान्य करूनच पुढं जायला लागतं.

म्हणून दुसरं काम, बॉनेट उघडं ठेवायचं. शेडला गेट आहे म्हणून जमतं, रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांना नाही जमायचं. गाडी आणली की रात्रभर बॉनेट काठीवर उभं. उंदराला हवी असते ऊब, अंधार आणि निवांतपणा. बॉनेट उघडलं की ऊब तासाभरात जाते आणि वरून झाकण नाही म्हटल्यावर त्याचा जीव रमत नाही. सुरुवातीला आत झिरोचा बल्बही सोडला होता, नंतर नुसतं उघडं ठेवलं तरी भागतंय असं दिसलं. तिसरं, रविवारची वाट न बघता बुधवारी संध्याकाळी गाडी काढतो, विश्रामबागपर्यंत जाऊन भाजी घेऊन येतो. पेट्रोल जातं, पण वायरिंगपेक्षा स्वस्त. आणि गाडीत खाणं बंद. भडंग, शेंगा, बेदाणे, काही नाही. यावर घरात दोन दिवस अबोला झाला.

मार्च ते मे रांगोळी आठवड्यातून दोनदा टाकली. चाकापाशी पावलं दिसली तीन वेळा, तिन्ही वेळा मी बॉनेट बंद करून झोपलो होतो. आत नुकसान काही नाही.

दोन गोष्टी राहिल्या. लेंड्या साफ करताना कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते आणि उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. हातमोजे घाला, जंतुनाशकानं ओलं करा, दहा मिनिटांनी पुसा. आणि पेट्रोलचा वास आला तर चावीला हात लावू नका. उंदीर कधी-कधी पेट्रोलची नळीपण कुरतडतो. आधी मिस्त्रीला बोलवा.

यंत्र मी काढून फडताळात टाकलंय, कुणाला हवं असेल तर फुकट न्या.

परवा पहिला मोठा पाऊस झाला आणि काल रात्री पुन्हा रांगोळी टाकली. सकाळी पावलं होती, पण माझ्या चाकापर्यंत येऊन वळलेली, शेडच्या बाहेर, रस्ता ओलांडायच्या दिशेनं. समोर काकांची गाडी असते. त्यांच्या बॉनेटच्या फटीतून रात्री निळा दिवा लुकलुकताना दिसतो. मेसेज मीच टाकला होता, त्यामुळं संध्याकाळी जाळीचा उरलेला तुकडा घेऊन जाणार आहे.