जुन्या अल्टोच्या पोटाखाली आठ महिने: मोबाइलला जोडायच्या एंडोस्कोप कॅमेऱ्याचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. मोबाइलला जोडायचा वायरवाला कॅमेरा जुन्या गाडीसाठी जरूर घ्या, पण गळती शोधायला. झीज शोधायला घेणार असाल तर पैसे वाचवा आणि दोन फुटी टॉमी (उचकटायचा लोखंडी दांडा) आणा. कॅमेऱ्याला ओलं दिसतं, ढिलं दिसत नाही. २००८ च्या अल्टोखाली एक अख्खा पावसाळा धरून आठ महिने वापरल्यावर हे पक्कं झालंय.

घेतलेला नमुना ८ मिमी डोक्याचा आणि ५ मीटर वायरीचा. दोन्ही आकडे चुकले. छोट्या गाडीला २ मीटर भरपूर होतात, उरलेली वायर नुसती पायात येते. डोकं ५.५ मिमीचं असतं, तर इंजिन आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) फटीत, हीटरच्या पाइपांमागे सहज गेलं असतं. वायर वाकवली की तशीच राहणारी, अर्धकडक घ्या. मऊ वायरीचं डोकं लोंबतं आणि नेमकं नको तिकडे बघतं.

कॅमेरा बाहेर काढण्याआधीचं काम फुकटचं आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि इंजिन, गिअरबॉक्स, चाकं कुठे येतात ते पेनने आखून ठेवा. सकाळी हिरवट, बोटाला चिकट आणि गोडसर वासाचा डाग दिसला तर तो कूलंट. काळपट तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट, पाण्यासारखं पातळ पण निसरडं काही असेल, तर ते ब्रेक ऑइल. मग गाडी हलवायचीच नाही, मेकॅनिकला घरी बोलवायचं. एसी लावल्यावर गाडीखाली, डॅशबोर्ड येतो त्या जागी साधं पाणी पडतं, त्याला घाबरू नका.

डाग पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल हे चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) कडेने ओघळत सगळ्यात खालच्या बोल्टवर येऊन टपकतं, आणि गाडी पळताना वारा ते मागे नेतो. म्हणून शोध डागापासून वर आणि पुढे घ्यायचा. इथे कॅमेरा पैसे वसूल करतो, पण एक अट आहे. त्याच्या एलईडीच्या उजेडात सगळंच ओलं दिसतं, जुना चिकट मळसुद्धा. थंड इंजिनावर संशयित भाग डिग्रीझरने (तेलकट मळ काढायच्या द्रवाने) धुवा, पूर्ण वाळू द्या आणि त्यावर साधी टॅल्कम पावडर उडवा. पट्टा आणि पंख्यापासून पावडर लांब ठेवा. दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, थोडं निवू द्या आणि मग कॅमेरा घाला. पांढऱ्या पावडरीवर ओघळाची काळी रेघ उमटते, आणि ती वरच्या टोकाला जिथे सुरू होते, तिथे तुमचा सील किंवा पाइप.

रेडिएटरचे पाइप मात्र हातानेच बघा, गाडी पूर्ण थंड असताना. नुसते बाहेरून तपासून उपयोग नाही, कारण हे रबर आतून कुजतं, आणि तेही टोकांकडच्या दोन इंचांत. आधी पाइप मध्ये दाबा, मग क्लिपच्या जवळ दाबा. टोकाला मध्यापेक्षा जास्त मऊ लागला, किंवा दाबताना आतून करकर जाणवली, तर पाइप गेला. बाहेरून चकचकीत आणि लिबलिबीत झालेल्या पाइपावर वरून ऑइल पडत असतं, तेव्हा आधी ते बंद करा, नाहीतर नवा पाइपही तसाच होईल. तळाचा पाइप बहुतेक जण विसरतात, कारण बॉनेट उघडल्यावर तो दिसत नाही. क्लिप आवळताना जोर लावू नका. पट्टी रबरात रुतते आणि तिथूनच तडा जातो.

पावसाळ्यात आणखी एक गिऱ्हाईक येतं, ते म्हणजे उंदीर. म्हातारपणाचे तडे आडवे-उभे, केसासारखे असतात. दाताच्या खुणा जोडीने असतात, कड ताजी असते आणि शेजारी लेंड्या सापडतात. व्हॅक्यूमचा बारीक पाइप कुरतडलेला असेल तर गाडी आयडलिंगला थरथरते आणि लोक प्लग बदलत बसतात.

पेट्रोलच्या पाइपांवर जरा जास्त बोलायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे भाग २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसतील असे बनवणं सुरू झालं. २००८ च्या गाडीचं रबर त्या हिशेबाने बनलेलं नाही. ते फुगू शकतं, मऊ पडू शकतं किंवा वाळून कडक होऊ शकतं. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे डाग सापडेलच असं नाही, वासावर जावं लागतं. टाकी फुल्ल केल्यावरच वास येत असेल तर टाकीच्या वरचा किंवा भरणीच्या नळीचा पाइप बघा. टाकी आणि बॉडीच्या मधली ती फट हीच कॅमेऱ्याची खरी जागा, तिथे डोळा जातच नाही. वास येत असताना मात्र कॅमेरा, मोबाइल काहीच चालू करायचं नाही. आधी गाडी उघड्यावर, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला आणि वास गेलेला हवा. बदलताना मीटरवर मिळणारा साधा रबरी पाइप लावू नका. इंजेक्शनच्या गाडीत सुमारे ३ बारचा दाब असतो, कार्ब्युरेटरचा पाइप तो पेलत नाही. पाइपावर 'एसएई जे३०आर९' (SAE J30R9, इंजेक्शनच्या पेट्रोल पाइपाचं मानक) छापलेलं बघून घ्या, किंवा मूळ कंपनीचाच घ्या.

ब्रेकच्या रबरी पाइपांना कॅमेरा नको, मदतनीस हवा. त्याला ब्रेक जोरात दाबून धरायला सांगा आणि पाइपावर कुठे फुगा येतोय का बघा. पाइप आतून सुजला की ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. मग ते एक चाक अडकून गरम होतं आणि कॅलिपरला (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) उगीच दोष जातो.

आता झीज. गाडीसोबत आलेल्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीही जायचं नाही. मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढे दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) द्या, गाडी हलवून बघा आणि मगच आत शिरा. विटा नकोत, त्या न सांगता फुटतात. चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) असेल तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोळीचा सांधा). खात्रीसाठी लोअर आर्म (चाक धरणारा खालचा दांडा) आणि नकलच्या (चाक बसतं त्या लोखंडी भागाच्या) मध्ये टॉमी घालून हलका दाब द्या, जॉइंट उचलताना दिसतो. चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर प्ले आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा बाहेरचा किंवा आतला सांधा). दुसरा हात जोडावर ठेवला की कुठला ते लगेच कळतं.

बुशांच्या (सांध्यांतल्या रबरी गाद्यांच्या) बाबतीत तर कॅमेरा फसवतो. मोठा करून दाखवलेल्या फोटोत प्रत्येक बुशावर भयंकर तडे दिसतात. वरवरचे तडे जुन्या रबराला असणारच. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलंय का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर टॉमी देते. ब्रेक लावताना पुढून एकदाच 'टक्' आवाज येत असेल तर लोअर आर्म आणि स्टॅबिलायझर बारच्या बुशांपासून सुरुवात करा. अ‍ॅक्सलच्या आतल्या बूटांसाठी (सांध्यावरच्या ग्रीस धरणाऱ्या रबरी टोप्यांसाठी) मात्र कॅमेरा बरा. बाहेरचे बूट स्टिअरिंग पूर्ण वळवून, घड्या उघडून डोळ्यानेच बघता येतात; चाकाच्या आत काळं ग्रीस गोल उडालं असेल तर बूट फाटलाच.

कॅमेऱ्याच्या तक्रारी अशा: काही फोनमध्ये ओटीजी (फोनला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं आणि चित्र जातं. चित्राला वर-खाली नसतं, म्हणून डोक्याच्या वरच्या बाजूला रंगाचा ठिपका द्या. ऑइलने वायरीचं आवरण सहाव्या महिन्यात कडक झालं. काच ब्रेक क्लीनरने पुसू नका, प्लास्टिक पांढुरकं होतं. सोबतचे हूक, आरसा आणि मॅग्नेट नुसते अडकवायचे असल्याने इंजिनात गळून पडतात. आत घालण्यापूर्वी इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या.